टोपोशीटवर विहीर आहे, एकटं झाड आहे, मग शेताची हद्द का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबांच्या ट्रंकेत १९३० च्या दशकातली एक इंचाला एक मैल स्केलची टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार आणि त्यावरच्या गोष्टी दाखवणारा सरकारी नकाशा, सापडली, नंबर ४७ एफ ने सुरू होतो, त्यावर गावाबाहेरच्या विहिरी, माळावरचं एकटं झाड, तळ्याच्या बांधाची उंची असलं बारीकसारीक सगळं आहे, पण ज्या शेतांच्या हद्दीवरून गावात तीन पिढ्या कोर्टकचेऱ्या चालू आहेत त्यातली एकही हद्द नाही. असं का, आणि हा नकाशा नक्की कुणासाठी काढला होता?

एका ओळीत सांगायचं तर तो नकाशा तुमच्या गावासाठी काढलेलाच नाही, तुमच्या गावावरून जाणाऱ्या पलटणीसाठी काढलाय. आता एका ओळीत समाधान होणार नाही म्हणून पुढचं लिहितोय, लांबेल, सवडीने वाचा. माझी बत्तीस वर्षं सर्व्हेत, म्हणजे नकाशे काढणाऱ्या खात्यात गेली, त्यातली पहिली दहा-बारा प्लेन टेबल, म्हणजे नकाशा काढायचा तिवईवरचा फळा, घेऊन डोंगर चढण्यात, म्हणजे टेबल खलाशाच्या (सर्व्हेतल्या मदतनिसाच्या) पाठीवर आणि मी मागून धापा टाकत, खरं ते सांगावं.

आधी ती शीट टेबलावर पसरा आणि स्वतःला एक काम द्या. तुमच्याकडे हजारभर माणसं आहेत, तितकीच जनावरं, गाड्यांवर तोफा आणि दाणागोटा, आणि उद्या बारा मैल चालायचंय. आता शीट बघा. निळा गोल म्हणजे विहीर, आणि बांधीव विहीर आणि नुसता खड्डा यांना वेगळी खूण आहे, कारण बांधीव विहिरीला उन्हाळ्यात पाणी असण्याची शक्यता जास्त. ओढा काळ्या रेघेत असेल तर कोरडा, निळा असेल तर पाणी. रस्ता पक्का का कच्चा का नुसती गाडीवाट का फक्त लमाणांच्या बैलांना जाता येईल अशी पायवाट, प्रत्येकाची रेघ वेगळी, कारण तोफ कुठून जाईल आणि कुठे अडकेल हा जीवनमरणाचा प्रश्न. तळ्याच्या बांधाशेजारी १०आर असं लिहिलेलं दिसेल, तो आर म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची, समुद्रसपाटीपासूनची नाही. दहा फूट उंच बांध म्हणजे त्याच्याआड अख्खी कंपनी लपते आणि त्याच्यावरून गाडी जात नाही. आणि कुठेतरी सीजी दिसेल बघा, कॅम्पिंग ग्राउंड, पलटणीचा मुक्काम पडायची जागा. आमच्या भागात अजूनही गावाबाहेरच्या अशा एका पडीक जागेला म्हातारी माणसं पडाव म्हणतात आणि का म्हणतात ते कुणालाच सांगता येत नाही. पीटीओ म्हणजे पोस्ट आणि तार दोन्ही आहे, इथून निरोप जाईल. एकटं झाड कशाला? अहो, सपाट माळावर आपण कुठे उभे आहोत हे ठरवायला आणि नेम धरायला तेवढंच तर असतं.

म्हणजे सगळंच फौजेसाठी होतं असं मी म्हणत नाही, या शीट रेल्वेने वापरल्या, फॉरेस्टने वापरल्या, धरणं बांधणाऱ्यांनी वापरल्या, विसाव्या शतकात तर सिव्हिल वापरच जास्त. पण काय दाखवायचं आणि काय नाही याची यादी ज्या सवयीतून आली ती सवय फौजेची. चालणाऱ्या सैन्याला बांध उंच आहे का एवढं हवं असतं, तो बांध कुणाच्या मालकीचा आहे याच्याशी त्याला काय करायचंय.

मालकी ज्याला हवी तो वेगळा, तो सारा गोळा करणारा. त्याचे नकाशे वेगळे, खातंही वेगळं. आपल्याकडे १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी रेव्हेन्यू सर्व्हेची घडी बसवली तिथून आपले गाव नकाशे आणि सर्व्हे नंबर. त्यांची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. प्लॉट घेताना आपण आजही जे गुंठ्यात बोलतो ना, ती ती साखळी आहे. तर हद्द पाहिजे असेल तर भूमी अभिलेखमध्ये जाऊन गाव नकाशा आणि फाळणी, म्हणजे सर्व्हे नंबरच्या तुकड्यांचा नकाशा, काढा, टोपोशीटमध्ये ती शोधू नका. दोन्ही नकाशे एकाच सरकारचे, एकाच जमिनीचे, पण दोघांनी जमिनीला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

आता इतिहास. नकाशे नव्हते तेव्हा फौजा जात नव्हत्या का? जात होत्या की, पानिपतपर्यंत गेल्या, अटकेपर्यंत गेल्या. मजल दरमजल हा शब्द उगीच नाही, अंतर मैलात नाही तर मुक्कामात मोजायचं, अमक्या गावापासून तमक्या नदीपर्यंत एक मजल, पाणी आहे, चारा आहे. ही सगळी माहिती हरकारे, जासूद, वाटाडे यांच्या डोक्यात आणि थोडी कागदावर. कंपनी सरकारकडे हेच नव्हतं. त्यांना मुलूख मिळाला पण मुलखातला माणूस मिळाला नाही, म्हणून त्यांना कागद लागला. १७६७ मध्ये क्लाइव्हने जेम्स रेनेल या तरुण अधिकाऱ्याला बंगालचा सर्व्हेअर जनरल नेमलं, सर्व्हे ऑफ इंडिया आपला जन्म तिथूनच धरते. त्याच्या आदल्याच वर्षी भूतानच्या सरहद्दीजवळ रेनेलला संन्याशांच्या टोळीने तलवारींनी असा काही तोडला होता की तो जगलाच कसा याचं नवल. रेनेलची पद्धत सोपी, रस्त्याने चाक ढकलत जायचं, चाकाचे फेरे मोजून अंतर, होकायंत्राने दिशा, रात्री ताऱ्यांवरून अक्षांश. याला रूट सर्व्हे म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे दिसलं ते काढायचं, जे दिसलं नाही ते कोरं. फौजेला तेवढं पुरायचं, फौज रस्त्यानेच जाते. मुंबई, मद्रास, बंगाल तिन्हीकडे वेगवेगळे सर्व्हेअर जनरल असायचे, १८१५ मध्ये ते एकत्र करून कॉलिन मॅकेंझी पहिला अख्ख्या हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल झाला.

रूट सर्व्हेची अडचण काय असते ते असईच्या लढाईत दिसतं, आणि ही आपल्या जालना जिल्ह्यातली गोष्ट आहे. २३ सप्टेंबर १८०३. पलीकडे शिंदे आणि भोसल्यांची फौज आणि तोफखाना, अलीकडे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, मधे केळना नदी. वेलस्लीला बाजूने ओलांडून जायचं होतं, वाटाडे सांगत होते की खाली उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा, नाहीच. त्याच्याकडे उतार दाखवणारा नकाशा नव्हता. त्याने दुर्बीण लावली तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, आणि तो म्हणाला की दोन गावं अशी नदीच्या दोन बाजूंना एकमेकांसमोर वसलीयत म्हणजे मधे ये-जा असणारच. माणूस पाठवला, उतार निघाला, फौज तिथून पार झाली. म्हातारपणीसुद्धा वेलस्ली ही गोष्ट सांगायचा. मी नवीन पोरांना शिकवायचो तेव्हा हीच गोष्ट सांगायचो, कारण नकाशावर उतार नसला तरी नकाशावरची दोन गावं तुम्हाला उतार सांगतात, फक्त बघणाऱ्याला वाचता आलं पाहिजे.

याच वेलस्लीच्या ३३ व्या पलटणीत विल्यम लॅम्बटन होता, आणि आमच्या धंद्याचा खरा बाप तो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात चालली होती, लॅम्बटनने वर तारे बघितले आणि जाऊन सांगितलं की साहेब आपण उत्तरेला नाही दक्षिणेला चाललोय, सरळ टिपूच्या तोंडात. बेअर्डने आधी उडवून लावलं, मग कंपास बघितला तर तारे बरोबर होते. श्रीरंगपट्टण पडल्यावर या लॅम्बटनने एक अर्ज केला की मला हा द्वीपकल्प एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत त्रिकोणांनी मोजू द्या, म्हणजे सगळे नकाशे एका सांगाड्यावर बसतील, शिवाय पृथ्वीचा आकारही कळेल. वेलस्लीने पाठिंबा दिला म्हणून मंजूर झालं, नाहीतर मद्रासच्या एका हिशेबी साहेबाचं म्हणणं असं होतं की कुणाला श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर त्याने पालखीच्या मुख्य भोयाला सांगावं, तो नेऊन पोचवेल, लॅम्बटनच्या नकाशाची गरज काय. हसू येतं, पण खर्च मंजूर करणारा माणूस आजही हेच बोलतो, फक्त भोयाच्या जागी गूगल म्हणतो.

१० एप्रिल १८०२ ला मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ सुरुवात झाली. त्रिकोणाच्या पद्धतीत एकच बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची, तिला बेसलाइन म्हणतात, बाकी सगळे नुसते कोन मोजायचे आणि गणिताने बाजू काढायच्या. म्हणजे ती पहिली बाजू चुकली की पुढचा अख्खा देश चुकला. साडेसात मैलांची ती रेघ मोजायला ५७ दिवस लागले. साखळी पोलादाची, शंभर फुटी, चाळीस कड्यांची, आणि ती मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून पाठवलेली, त्याने घेतली नाही म्हणून इकडे कलकत्त्यात आली. साखळी लाकडी पेट्यांत आडवी ठेवायची, पेट्या तिवईवर, शेजारी थर्मामीटर. थर्मामीटर का, तर पोलाद उन्हाने वाढतं. हिशेब करून बघा, तापमानात दहा अंश सेल्सिअसचा फरक पडला तर शंभर फुटांत साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढ, दिसायला काहीच नाही, पण साखळी जवळपास चारशे वेळा ठेवायचीय, म्हणजे शेवटी दीड मीटरच्या जवळ चूक. एप्रिल-मे मधलं मद्रासचं ऊन आणि हा माणूस प्रत्येक साखळीला थर्मामीटर वाचतोय. आमच्याकडे ईडीएम, म्हणजे किरण सोडून अंतर मोजणारं यंत्र, आलं तेव्हा मी बटण दाबून दोन सेकंदांत तीन किलोमीटर अंतर वाचलं आणि मला पहिल्यांदा आठवला तो हा लॅम्बटन.

त्याचा थिओडोलाइट म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचं, छत्तीस इंची वर्तुळ. इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी जहाजच पकडलं, यंत्र मॉरिशसला नेलं, पण तिथल्या गव्हर्नरने हे शास्त्राचं काम आहे म्हणून परत पाठवून दिलं. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या शिखरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. वर्तुळ वाकलं. दुसरा कोणी असता तर काम बंद करून विलायतेला पत्र लिहिलं असतं आणि दोन वर्षं वाट बघितली असती. लॅम्बटनने तंबूत स्वतःला कोंडून घेतलं आणि पाचरी, स्क्रू, दोऱ्या लावून सहा आठवड्यांत ते वर्तुळ केसाकेसाने ओढून पूर्वीच्या आकारात आणलं. मद्रासहून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोण गेले तेव्हा कळलं की द्वीपकल्प आधीच्या नकाशांपेक्षा चाळीस मैल अरुंद आहे. चाळीस मैल! म्हणजे तीन-चार मजला नकाशात जास्तीच्या होत्या.

हे त्रिकोण फौजेच्या काय कामाचे ते माझ्या अनुभवातून सांगतो. प्लेन टेबलवाला नवीन जागी उभा राहिला की पहिला प्रश्न, मी कागदावर कुठे आहे? लांबवर तीन डोंगर दिसतात, तिघांची जागा कागदावर आधीच अचूक टिंबाने दिलेली असते, ती टिंबं म्हणजे या त्रिकोणांची देणगी. कंपासने टेबल साधारण उत्तरेला लावायचं, मग अ‍ॅलिडेडने म्हणजे नेम धरायच्या पट्टीने एकेका डोंगराकडे बघून टिंबातून मागे रेघ ओढायची. तिन्ही रेघा एका ठिकाणी मिळायला पाहिजेत. मिळत नाहीत. बारीकसा त्रिकोण उरतो, त्याला आम्ही ट्रँगल ऑफ एरर म्हणतो, आणि टेबल केसभर फिरवत फिरवत तो त्रिकोण मिटवायचा. मिटला की तिथे तुम्ही उभे. पेन्सिलची रेघ ०.२ मिलिमीटर जाड धरली तरी एक इंच मैल स्केलवर ती जमिनीवर बारा-तेरा मीटर होते, म्हणून पेन्सिल सॅंडपेपरवर घासत राहायची, माझ्या पहिल्या कॅम्प ऑफिसरने माझी बोथट पेन्सिल दरीत फेकून दिली होती आणि वर म्हणाला की आता खाली जा आणि ती जिथे पडली ती जागा फिक्स करून आण. वारा सुटला की कागद फडफडतो, बोटं गारठतात, पण तीन रेघा एका टिंबात मिळाल्या की जे वाटतं ते जीपीएसमध्ये नाही. तर मुद्दा असा की रूट सर्व्हेत चूक साठत जाते, दहा मजलांनंतर गाव पाच मैल सरकतं, त्रिकोणांच्या सांगाड्यावर काम केलं की तुमची चूक तुमच्या डोंगरापुरती राहते, शेजारच्या शीटवर जात नाही. तोफखाना जेव्हा न दिसणाऱ्या टार्गेटवर मारा करायला लागला, म्हणजे पहिल्या महायुद्धापासून, तेव्हा याची खरी किंमत कळली, कारण आता तोफ आणि टार्गेट दोन्ही एकाच नकाशावर बरोबर बसलेले असल्याशिवाय गोळा लागतच नाही.

लॅम्बटनच्या कामाला १८१८ पासून ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं, जीटीएस, काही जुन्या दगडांवर ही अक्षरं दिसतात तुम्हाला. हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ ला तो हिंगणघाटला वारला, कबर तिथेच आहे, वर्ध्याच्या बाजूला गेलात तर बघून या, मी दोनदा जाऊन आलोय आणि दोन्ही वेळा पत्ता विचारताना लोकांनी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट. तो कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात आधीच तापाने मरता मरता वाचला होता, त्याची जवळपास सगळी पार्टी आजारी पडली होती. या कामात खलाशी, झेंडेवाले, हमाल किती मेले ते मोजलेलं नाही, साहेबांची नावं पुस्तकात आहेत आणि यांची हजेरीपटावर होती, पट गेले. वऱ्हाडातून टाकळखेड्यावरून, सिरोंजजवळच्या कल्याणपूरवरून ही त्रिकोणांची साखळी डेहराडूनला पोचली, पुढे मसुरीच्या डोंगरावर संपली, कन्याकुमारीपासून चोवीसशे किलोमीटरच्या आसपास. मधे मधे पुन्हा बेसलाइन मोजून ताळा घ्यायचे, तेव्हा शेकडो मैलांनंतर फरक यायचा तो इंचांत. हिशेब करणाऱ्यांत राधानाथ सिकदार होता, शिखर पंधरा, म्हणजे आजचं माउंट एव्हरेस्ट, सगळ्यात उंच हे १८५२ मध्ये त्याच्या गणितातून आलं, २९,००२ फूट, १८५६ ला जाहीर झालं आणि नाव लागलं एव्हरेस्टचं, जो तेव्हा रिटायर होऊन विलायतेत होता आणि स्वतःच म्हणत होता की माझं नाव तिकडच्या लोकांना धड उच्चारता येणार नाही. बरोबरच होतं त्याचं, तो स्वतःला ईव्हरेस्ट म्हणायचा आणि आपण सगळे चुकीचं म्हणतो.

हिमालयापलीकडे साहेबाला जाता येत नव्हतं तिथे पाठवले कुमाऊंचे पंडित. नैनसिंह रावत १८६६ मध्ये ल्हासाला पोचला, यात्रेकरू बनून. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी, म्हणजे पूर्ण माळ दहा हजार पावलं, दोन हजार पावलांचा मैल धरून पाच मैल. टिपणं प्रार्थनाचक्रात लपवलेली. रूट सर्व्हेच हा, रेनेलचंच चाक, फक्त चाकाच्या जागी माणसाचे पाय. हेरगिरी आणि सर्व्हे यांच्यात फरक किती तर फक्त परवानगीचा, हे मी अर्धं चेष्टेत म्हणतोय आणि अर्धं नाही.

नकाशावरचा आकडा किती महाग पडतो त्याचं उदाहरण म्हणजे एनजे ९८४२. हे काही गावाचं नाव नाही, ग्रिड रेफरन्स आहे, म्हणजे नकाशावरच्या चौकटींतला पत्ता. एनजे ही मोठ्या चौकोनाची अक्षरं, ९८ ईस्टिंग, ४२ नॉर्दिंग, आडवं आधी उभं नंतर, फौजेत पहिल्या दिवशी हेच घोकून घेतात. चार आकडी रेफरन्स म्हणजे बिंदू नसतो, साधारण किलोमीटरभर बाजूचा चौकोन असतो. १९४९ च्या कराची करारात काश्मीरची युद्धबंदी रेषा या टिंबाच्या आसपास संपवली आणि पुढे लिहिलं की तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत. त्यापुढे कोण जाणार आहे, असा विचार. १९७२ मध्ये नियंत्रण रेषा आखली तेव्हाही या टिंबापुढे रेघ ओढली नाही. उत्तरेला म्हणजे सरळ उत्तरेला का पाणलोटाच्या धारेवरून, दोन्ही देशांनी आपापला अर्थ काढला, आणि १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं. सियाचीन. १९१४ ची मॅकमोहन रेषाही अशीच, एक इंचाला आठ मैल स्केलच्या कागदावर ओढलेली, त्या स्केलवर एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर पाचशे मीटर रुंद होते. रेघेच्या आत कोण आणि बाहेर कोण, सांगा आता.

म्हणूनच सरकार नकाशांना घाबरतं. सरहद्द आणि किनारपट्टीच्या शीट वर्षानुवर्षं रिस्ट्रिक्टेड होत्या, ट्रेकर पोरं झेरॉक्सची झेरॉक्स घेऊन फिरायची, कंटूर, म्हणजे उंचीच्या रेघा, दिसायचे नाहीत आणि घाटवाटा चुकायच्या. २००५ च्या नॅशनल मॅप पॉलिसीने दोन वेगळ्या सिरीज केल्या, डिफेन्स सिरीज फौजेसाठी आणि ओपन सिरीज बाकी सगळ्यांसाठी, आता ओपन सिरीजच्या शीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून फुकट मिळतात. १५ फेब्रुवारी २०२१ च्या गाइडलाइन्सनंतर तर भारतीय माणसाला किंवा कंपनीला नकाशा करायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. माझ्या मते हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं, सॅटेलाइटवरून जे शेजाऱ्याला दिसतं ते आपल्या इंजिनियरपासून लपवून काय मिळवलं कुणास ठाऊक.

आता तुमच्या शीटकडे. ४७ हा चार अंश बाय चार अंशांचा मोठा चौकोन, त्याचे ए पासून पी पर्यंत सोळा तुकडे, एफ हा त्यातला एक अंशाचा, आणि तिरकी रेघ मारून पुढचा आकडा म्हणजे त्याच्याही सोळा तुकड्यांतला एक, पंधरा मिनिटांचा. पुणे शहर ४७ एफ/१४, सिंहगड त्याच्या खालच्या १५ मध्ये. तुमचा आकडा कुठला ते बघा म्हणजे शेजारच्या शीट मागवता येतील.

आणि ती विहीर शोधायला मोबाइल घेऊन निघणार असाल तर थांबा. शीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टने १८३० मध्ये धरलेल्या पृथ्वीच्या आकारावर बसवलेत, कल्याणपूर मूळ धरून. मोबाइल वापरतो डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे पृथ्वीचा दुसराच धरलेला आकार. पुण्याच्या आसपास या दोन्हींत शंभर मीटरच्या वर फरक पडतो. एका पाइपलाइनच्या कामावर मी बघितलंय, जुन्या शीटवरून आकडे वाचून थेट जीपीएसमध्ये टाकले आणि चार माणसं दोन दिवस चुकीच्या टेकाडावर ट्रिगचा, म्हणजे त्रिकोणाच्या टोकाचा, दगड शोधत होती, दगड शेजारच्या टेकाडावर आरामात बसलेला. तेव्हा एकतर अ‍ॅपमध्ये डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांशांचा पाया, एव्हरेस्ट करा, किंवा सरळ आकडे सोडा आणि जुन्या पद्धतीने जा. शीटवर त्रिकोणाची खूण आणि उंची लिहिलेले दोन-तीन डोंगर निवडा, कंपासने त्यांच्या दिशा घ्या, कागदावर मागे रेघा ओढा, मग तिथून विहिरीचं अंतर पट्टीने मोजा आणि पावलं मोजत जा. झाड आता नसेल, नव्वद वर्षं झाली. विहीर बहुतेक असेल, पण बाभळीत बुडालेली असेल, आणि त्या काळच्या बऱ्याच विहिरींना कठडा नसतो, म्हणून शेवटची पंचवीस पावलं काठी आपटत टाका.